रिकाम्या नावाची पिशवी

तोंडी परीक्षेत प्रयोगशाळेतल्या ताईंचा नंबर बारावा होता. वीस वर्षं त्यांनी याच खोलीत दुसऱ्यांच्या परीक्षांची मांडामांड केली. आजच्या काचपट्ट्याही सकाळी त्यांनीच बनवल्या होत्या. पास झाल्या तर शिकवायची जागा मिळणार होती, आणि वयाची अट पाहता ही संधी शेवटची.

परीक्षा घेणाऱ्या मोठ्या सरांची एक खोड होती. शब्दाचं मूळ विचारल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत, आणि उत्तर हवं ते त्यांच्याच नोट्समधलं. त्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चाललं नसतं. ताईंनी नोट्स घोकून घोकून पाठ केल्या होत्या. त्या सरांसमोरच्या खुर्चीत बसल्या.

"पेशीतली ही मोठी पिशवी कुठली?" सरांनी मायक्रोस्कोप पुढे सरकवला.

"व्हॅक्युओल, सर. आपण रिक्तिका म्हणतो."

"नाव कुठून आलं?"

"लॅटिनमधून. व्हॅक्युअस म्हणजे रिकामं. जुन्या भिंगांतून ती पोकळ दिसली, म्हणून."

"छान. मग आत काय असतं?"

नोट्समध्ये उत्तर होतं, 'काही नाही'. एवढे दोन शब्द बोलले की सुटका. ताईंनी भिंगाला डोळा लावला. सकाळी स्वतःच्या हातांनी कापलेलं बीट. एकेक पिशवी लालभडक, काठोकाठ भरलेली. त्यांचा जीव टांगणीला लागला, आणि मग चक्क रागच आला.

"भरलेली असते, सर. पाणी, क्षार, साखर. बिटाचा रंगही तिथेच."

"माझ्या नोट्स वाचल्यात ना?"

"पाठ आहेत. पण त्यात हे चुकलंय."

सरांनी पेन खाली ठेवलं आणि मायक्रोस्कोप स्वतःकडे ओढला. परीक्षेत त्यांना भिंगाला डोळा लावताना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. हातचं घालवलं आपण, ताईंना वाटलं.

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या वर्षापासून. दर वर्षी काचपट्ट्या मीच करते."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं, सर."

सरांनी ताईंच्या नावापुढे पूर्ण मार्क लिहिले. मग सकाळच्या अकरा जणांचे कागद बाहेर काढले.

"त्यांना परत बोलवा," ते म्हणाले, "आणि तुम्हीच दाखवा. मी मागे बसतो."