वरचा मजला खाली

सकाळी पावणेसात ही काही कुणाकडे जायची वेळ नव्हे. पण तपासनीस बाई आल्या त्या पावणेसातलाच, न कळवता, पिशवीत स्वतःचा थर्मामीटर, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन. अंगानं भरदार आणि बोलण्यात काटकसरी अशी ही बाई. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेनं, जिला तिथं सगळेच ताई म्हणत, तिनं त्यांना हसून आत घेतलं. येऊ दे कुणालाही, केव्हाही! सात वर्षं डोळ्यांत तेल घालून चालवलेलं घर होतं ते.

हसण्याच्या आत थोडी धाकधूक होती, ते खोटं कशाला बोला? ही तपासणी वरच्या मजल्याच्या परवान्यासाठी होती. वर आठ खोल्या, आठ माणसं, आणि त्यांतलं एकही आपल्या पायांनी जिना उतरू शकत नव्हतं. परवाना गेला तर आठही जणांना जिथं जागा मिळेल तिथं पाठवावं लागणार होतं, कुणी या गावाला, कुणी त्या गावाला. आणि आठ नंबरच्या खोलीत ताईची सख्खी आई होती.

बाईंनी चहालाही नको म्हटलं आणि कामाला लागल्या. नळाचं गरम पाणी मोजलं. औषधांच्या कपाटातली एकेक डबी वहीशी ताडून पाहिली. फ्रीजच्या रबराखाली बोट फिरवलं. एका आजोबांची पाठ उघडी करून कातडी तपासली, पडून पडून होणारे फोड कुठं आहेत का म्हणून. कुठं काही नाही! बाई वहीत बरोबरच्या खुणा करत चालल्या तसं ताईच्या अंगावर मूठभर मांस चढत गेलं.

मग बाईंनी आगीच्या सरावाची फाईल मागितली.

"वरचा मजला चार मिनिटं दहा सेकंदांत रिकामा," त्यांनी वाचलं. "छान. सराव किती वाजता केलात?"

"सकाळी अकराला."

"माणसं किती होती?"

"नऊ, आणि लिफ्टही चालू होती. स्वयंपाकघरातले तिघं, माळी..."

"आणि रात्री किती असतात?"

"दोघी."

"गेल्या की आहेत अजून?"

आता ताईला कळलं की बाई पावणेसातला का आल्या. रात्रपाळीच्या दोघी मावश्या नुकत्या चपला घालत होत्या. या दोघी एकाच घरातल्या जावाजावा. थोरली बुटकी आणि ठाम, धाकटी उंच आणि काडीसारखी. घरी एकमेकींशी धड बोलत नसत म्हणे, पण पाळीवर मात्र एकीनं हात पुढे केला की दुसरीला कळायचं कशाला. दोघींना वर बोलावलं, तेव्हा धाकटीनं आधी थोरलीकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

बाई थेट आठ नंबरमध्ये शिरल्या. ताईची आई खिडकीशी व्हीलचेअरवर बसली होती. चाळीस वर्षं तिनं शिवणाचा क्लास चालवला होता. डाव्या बाजूवरून वारं गेलं, पण जीभ शाबूत होती, आणि माणसाला नजरेनंच मापायची सवयही.

"आजी, तुमच्या पलंगावर जरा आडवी होऊ का?" बाईंनी विचारलं.

"व्हा की. माझंच माप दिसतंय तुमचं," आई म्हणाली.

बाई खरोखरच आडव्या झाल्या. डोळे मिटले, हातपाय सैल सोडले. "माझी डावी बाजू हलत नाही," त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच जाहीर केलं. "आग लागली आहे, म्हणजे लिफ्ट बंद. रात्र आहे, म्हणजे तुम्ही दोघी. ताई, तुम्ही मध्ये पडायचं नाही. तुम्ही घरी झोपलेल्या आहात. चला!" आणि स्टॉपवॉच चालू केलं.

गादीखाली पट्ट्या लावलेली जाड चादर असायची, तिला सगळे झोळी म्हणत. जावांनी बाईंना झोळीत बांधलं आणि खाली ओढलं. बोळातून ओढत नेईपर्यंत ठीक चाललं होतं. जिन्याशी आल्यावर मात्र दोघींच्या तोंडाला फेस आला. बावीस पायऱ्या, मधे वळण. वळणावर धाकटीचा पाय निसटला आणि बाईंचं कोपर कठड्यावर असं आपटलं की ताईच्याच तोंडून "आई गं!" निघालं. बाई हूं की चूं करेनात. कंबर कसून उतरवणं म्हणजे काय ते ताई त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होती, आणि हात बांधून पाहणं तिला जमत नव्हतं. दोनदा ती पुढे झाली. दोन्ही वेळा झोळीतून आवाज आला, "तुम्ही झोपलेल्या आहात."

खालच्या दारात बाईंनी घड्याळ थांबवलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. एक माणूस.

जावा भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. बाई उठून बसल्या, केस सारखे केले आणि आवाज न चढवता विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं ना?"

थोरलीनं मान हलवली.

"मग सुरुवात कुठून करायची ठरवलं होतंत?"

मग धाकटीनं पाढा म्हणावा तसं खालच्या मानेनं म्हटलं, "दोन. तीन. एक. पाच. सहा. चार. सात."

ताईला आधी वाटलं, आपलीच मोजण्यात चूक झाली. "आणि आठ?"

धाकटीला रडू फुटलं.

ताईची तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं! यांच्या पोरांच्या आजारपणात रजा दिल्या, हिच्या बाळंतपणात हिची पाळी स्वतः केली, आणि या दोघींनी तिच्या आईला परस्पर शेवटी टाकलं? मेलीस तर मेलीस म्हणून? "कुणी ठरवलं हे?" ती ओरडली. "कुणाला विचारून ठरवलंत?"

"आजींनाच," थोरली म्हणाली. "आम्ही नाही ठरवलं, ताई. त्यांनीच आम्हाला बसवून पाठ करून घेतलं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

ताई बावीस पायऱ्या कशा चढली तिचं तिला कळलं नाही.

"खरं आहे," आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "त्या पोरी रात्री बोळात कुजबुजत बसायच्या, कुणाला आधी न्यायचं म्हणून. रोज तेच. म्हटलं, एकदा बेतून टाकू. हलकी माणसं आधी, जिन्याजवळची आधी. मी शेवटच्या खोलीत, आणि वजनाला दोघांच्या बरोबरीची. शिवाय तुझी आई आधी बाहेर काढली आणि सात नंबर आत राहिली असती, तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली असती का?"

फाईल तिनं लिहिली होती. अकराची वेळ तिनं ठरवली होती. वर शांतता असते, ऊन येतं, म्हणून झोपून असलेल्यांना वर ठेवायचं, हेही तिचंच. प्रेमानं केलं होतं सगळं. आणि त्याच प्रेमानं तिनं आठ माणसं बावीस पायऱ्यांवर नेऊन ठेवली होती. लाज वाटली तिला, अगदी आतून वाटली.

तोवर बाई वर आल्या होत्या. "परवाना मी रोखते आहे," त्या म्हणाल्या. "सुधारणेला तीस दिवसांची मुदत मिळते."

"तीस दिवस नकोत," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तीस रात्री. मी आज करते. खाली आठ खोल्या आहेत, आठही खोल्यांना अंगणात उघडणारं स्वतःचं दार आहे. चालते-फिरते सगळे खाली राहतात. ते वर जातील, हे खाली येतील. तुम्ही पाचला परत या."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मोजपट्टी तिच्या हातात दिली. "आधी दारं मोजा. पलंग जात नसेल तर सगळी हमाली फुकट."

पलंग जात होता. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत होती. दोन खोल्यांना उंबरा आडवा येत होता, तिथं सुतारानं फळ्या ठोकून उतार केला.

खालच्या मंडळींना राजी करणं हे मात्र सुताराच्या हाताबाहेरचं काम होतं. अंगणाकडची खोली सोडायची म्हटल्यावर निवृत्त पोस्टमास्तरांनी दारात खुर्चीच टाकली. "मी पैसे देतो, मी हलणार नाही." ताईनं त्यांना समजावलं नाही. "आजोबा, या," म्हणत त्यांचा हात धरला, त्यांना वर सात नंबरपर्यंत चालवत नेलं, चालवत परत आणलं, आणि विचारलं, "किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं लागली असतील."

"सात नंबरच्या आजींना अकरा लागतात. दोघींनी ओढलं तर. आणि त्यांचा नंबर सातवा आहे."

पोस्टमास्तर हिशेबाला पक्के होते. त्यांनी मनात गुणाकार केला असावा, कारण खुर्ची त्यांनी स्वतःच उचलली. "माझी कुंडी तेवढी वर न्या," म्हणाले.

मग दिवसभर नुसती धावपळ. लिफ्टमधून सामान वरखाली करून आश्रमाच्या ड्रायव्हरच्या हाताला फोड आले. स्वयंपाकी गाद्या वाहत होता. जावांना ताईनं घरी पाठवलं होतं, पण दोघी दुपारी झोप उरकून चारलाच हजर. ताईनं कुणालाही "होईल उद्या" म्हणू दिलं नाही, स्वतःला तर नाहीच.

पाचला बाई आल्या. कोपराला निळा वळ उठला होता. घड्याळ चालू झालं आणि जावा सुटल्या. दार उघड, ब्रेक काढ, पलंग ढकल, पुढचं दार. आठवा पलंग अंगणात आला तेव्हा सहा मिनिटं पंचवीस सेकंद झाली होती. आठ माणसं उन्हात पांघरुणं घेऊन पडून होती आणि सगळी एकदम बोलत होती. बाईंनी आकडा लिहिला, खाली सही केली. "परवाना सोडते आहे. वरच्या मजल्यावर आता कोण राहतं त्याची नोंद नव्यानं करून द्या. पुढच्या वेळी मी वेगळ्या वेळी येईन," एवढंच बोलून त्या गेल्या.

ताईनं आईचा पलंग स्वतः आत ढकलला. पांघरूण सारखं केलं. आई बराच वेळ दाराकडे बघत होती.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "भीती वाटायची गं मला. रोज. दिवा गेला की वाटायची."

ताईचे हात पांघरुणावरच थांबले. "आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज तुझ्याजवळ यायचे, आई."

"यायचीस. जेवलीस का, औषध घेतलंस का, शी झाली का. सगळ्यांना विचारतेस तेच, त्याच क्रमानं. खूण केलीस की पुढच्या खोलीत. मग मीही तेवढ्याचंच उत्तर द्यायचे."

ताईचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत. तिनं दाराची खिटी लावली, खुर्ची ओढून पलंगाला टेकवली आणि बसली.

"आणखी कशाची भीती वाटते?" तिनं विचारलं.

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं, खरंच विचारते आहे का ते. मग सांगायला लागली.