दीपेशच्या नावाचा चषक

नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग तिनं मला विचारलं, "विने, ह्यो कोन?"

फ्लेक्सच्या मधोमध माझा धाकटा भाऊ दीपेश होता. म्हणजे खाली तसं लिहिलं होतं. 'कै. दीपेश घरत स्मृती चषक, भव्य टेनिस क्रिकेट स्पर्धा.' वर नेतेमंडळी हात जोडून उभी. त्यांचे चेहरे दीपेशपेक्षा मोठे, पण जिवंत माणसांना जागा जास्त लागते, हे आपण समजून घेतलं पाहिजे. दीपेशला निळा कोट घातला होता. असला कोट त्यानं जन्मात अंगाला लावला नव्हता. रंग तर असा उजळवला होता की उरणच्या कंटेनर यार्डात दिवसभर उन्हात उभा राहणारा सुपरवायझर नाही, कुणा शेटजीचा नवरामुलगा वाटावा. तळाला मंडळाच्या पोरांचे फोटो, आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'. डिझाइनवाल्यानं वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उघडून वरचं तेवढं बदललं होतं. भाऊ गेल्याला वर्ष झाल्याबद्दल आम्हाला शुभेच्छा देणारं आमचंच गाव असेल.

"आपला दीपेश गं," मी म्हटलं.

"मेल्यांनी गोरा केला त्याला," आई म्हणाली आणि घराकडे वळली.

दीपेश सत्तावीस वर्षांचा होता. गेल्या पौषात यार्डातच डबा खाताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. "हल्ली तरुणांमध्ये होतं असं," डॉक्टर म्हणाले, जणू काळाच्या मागे राहिलो ते आम्हीच. तेव्हापासून गावानं त्याला चांगला करायचं काम हाती घेतलं. त्याच्या मोटरसायकलच्या आवाजावरून ज्या बायका त्याच्या सात पिढ्या काढायच्या, त्याच दाराशी येऊन म्हणायच्या, देवमाणूस होता हो. कुणी म्हणालं, कधी उलट शब्द बोलला नाही. मी चहाचे कप पुढे केले. माझ्याशी तो सरळ शब्द कधी बोलला, तेच मी आठवत होते.

आधी आई मान डोलवायची. मग उठून चुलीकडे जायला लागली. फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता थांबली.

"विने, तो खरंच असा व्हता?"

"कसा?"

"ही सांगतात तसा. मना तर तो आठवंना झालाय. डोले मिटले का ह्यांचाच पोर समोर येतो, गोरा, कोटवाला. माझा कुठं गेला?"

माणूस एकदा यमानं नेला, आता उरलेला गाव नेत होतं, आणि तोही हार घालून.

मी तडक कमलेशकडे गेले. कमलेश म्हणजे दीपेशचा जिवलग. बालवाडीपासून दोघांनी एकमेकांना फक्त शिव्या दिल्या. स्पर्धेची कॉमेंट्री तोच करणार होता.

"उद्या माईकवर त्याची एक तरी खरी गोष्ट सांग," मी म्हटलं.

"खरी म्हणजे?"

"म्हणजे त्याला क्रिकेट येत नव्हतं."

कमलेशनं इकडेतिकडे बघितलं. "ताई, गेलेल्या मानसाबद्दल वाईट नाय बोलत."

"वाईट नको. आईला तो आठवेनासा झालाय रे."

"पन माईकवर?" तो म्हणाला, जणू मी त्याला मैदानात कपडे काढायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी कापणी झालेल्या शेतात मांडव उभा राहिला आणि सकाळपासून भोंगा सुरू झाला. "आक्रमक फलंदाज, चपळ क्षेत्ररक्षक, गावचा हिरा, आपल्या सर्वांचा लाडका दीपेशदादा!" दादा! कमलेश त्याला आयुष्यभर 'काल्या' म्हणत आला होता. आणि दीपेश संघात होता तो बॅटी-स्टंप आमच्या पडवीत असायचे म्हणून. त्याला घेतला नाही तर सामानही यायचं नाही. फलंदाजीला गेला की लगेच परत यायचा, म्हणून शेवटी पाठवायचे.

अंतिम सामना संपला. पहिलं बक्षीस मोटरसायकल, दुसरं फ्रिज. प्रमुख पाहुणे दीपेशच्या क्रिकेटमधल्या योगदानावर मनापासून बोलले आणि घाईनं निघाले. त्यांना त्या दिवशी अजून एक स्मृती चषक होता. आमच्याकडे एवढी तरुण पोरं मरतात की पाहुण्यांना उसंत मिळत नाही. आईला शाल-श्रीफळ दिलं, आणि कमलेश म्हणाला, "आता दीपेशदादाच्या मातोश्री ठमाबाई दोन शब्द बोलतील."

आई आजवर माईकला शिवली नव्हती. ती उठली, शाल खुर्चीवर टाकली आणि माईक भांडायला धरावा तसा धरला.

"माझ्या पोरानं कवा एक तरी क्याच धरलेला कोनी बघला असंल," ती म्हणाली, "तं हात वर करा."

मंडळाचे पदाधिकारी आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

मग शेजारच्या गावच्या संघातून अल्पेशनं हात वर केला. "काकी, माझा धरलेला. एकदाच."

"धरला?"

"हो. पन दोरीच्या बाहेर उभा राहून. मना सिक्स मिलाला."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं मैदान फुटलं. मंडळाचा राहुल ओरडला, "काकी, शेतात पोपटीचं मडकं लावलेलं तवा स्टंप जाळात घातलान त्यानी!" दुसरा म्हणाला, पाऊस येईल म्हणून त्यानं सामना थांबवला आणि ढगाचा पत्ता नव्हता, साहेबांना सिनेमाला जायचं होतं. आई एकेकाकडे वळून बघत होती. "अजून," म्हणत होती, "अजून सांगा." तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

शेवटी कमलेश पुढे आला.

"काकी, गटारीला तुमचा तांबडा कोंबडा गेला ना, तो मोरूकाकाच्या कुत्र्यानं नाय खाल्ला. आमी खाल्ला. खाडीच्या बांधावर. काल्यानंच आनला, पिशवीत घालून. मसाला पन तुमच्याच बरनीतला."

त्या कोंबड्यापायी आईनं शेजारच्या मोरूकाकाशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. "बघ! मी सांगत नव्हतो?" मोरूकाका गर्दीतून ओरडला.

"आन मंग बॅटरी घेऊन माझ्यासंगं सोधत कोन हिंडत व्हता?" आई म्हणाली. "कुत्र्याला शिव्या कोन देत व्हता?"

"तोच. पोटभर जेवून आलेला."

आईनं पदर खोचला. वर्षभरात मी तिचे डोळे असे पेटलेले बघितले नव्हते.

"येऊ दे त्याला घरी," ती म्हणाली. "आज जेवायलाच वाढत नाय."

"सांगतो, काकी," कमलेश हसत हसत म्हणाला, नेहमी म्हणायचा तसं.

माईक चालू होता. दोघांचं बोलणं भोंग्यातून शेतभर गेलं. पोरं अजून हसत होती, मग एकेक जण थांबत गेला. आई आणि कमलेश एकमेकांकडे बघत उभे होते. वर्षभर मी कोटवाल्या कुणाचं तरी सुतक पाळत होते. माझा भाऊ मेला तो तेव्हा, त्या मैदानात.