दीड किलो वजा

"भिंतीला हात लावू नकोस."

"आणि पडले तर?"

"मी आहे ना धरायला."

"तुम्ही धरलंत तर माझं वजन कमी नाही का भरणार?"

बरोबर होतं ते. शून्यकाकांनी बायकोच्या कोपराखाली हात नुसता धरून ठेवला, टेकवला नाही. ती वजनकाट्यावर उभी राहिली, श्वास रोखून, फोटो काढायला उभी असल्यासारखी. काटा थरथरला आणि साडेसत्तावन्नवर थांबला.

"साडेसत्तावन्न, दीड वजा. छप्पन्न. उतर."

"रोज माझं दीड किलो जातं कुठे?"

"ते तुझं नाहीच. ते यंत्राचं आहे."

त्यावर कोणी उभं नसलं तरी त्या वजनकाट्याचा काटा शून्याच्या पुढे, दीड किलोवर उभा असायचा. खालच्या बाजूला एक लहानसं चाक होतं. ते फिरवलं की काटा शून्यावर आला असता. पण शून्यकाकांनी त्याला कधी बोट लावलं नाही. उभा जन्म त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढला होता, आणि तिथली त्यांची शिस्त ठरलेली होती. यंत्रात चूक असेल तर ती शोधायची, लक्षात ठेवायची आणि आलेल्या मापातून वजा करायची. प्रयोग चालू असताना यंत्राशी खेळायचं नाही, नाहीतर कालचं माप आणि आजचं माप यांचा मेळ बसत नाही.

आणि हा प्रयोग तर बायकोच्या जिवाचा होता. तिचं हृदय थकलं होतं. पाणी अंगात साठून राहायचं, पायांवर उतरायचं, मग छातीत चढायचं. डॉक्टरीणबाईंनी शून्यकाकांना समोर बसवून सांगितलं होतं, "रोज सकाळी वजन करा. छप्पन्न ठीक आहे. अठ्ठावन्नच्या वर गेलं की कोणाला न विचारता सरळ घेऊन या. धाप लागायची वाट बघू नका, वजन त्याच्या आधी सांगतं." पाणी दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, औषधासोबतचा घोट आला, सगळं आलं.

हे काम त्यांच्याइतकं नीट दुसऱ्या कोणी केलं नसतं. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना काचेचं एक मोजपात्र भेट दिलं होतं. ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते पाणी ओतायचे आणि डोळे पाण्याच्या रेषेला येईपर्यंत वाकायचे. पाणी काचेला धरून कडेनं थोडं वर चढतं, म्हणून माप मधल्या खोलगट भागाचं घ्यायचं, वरून बघितलं तर चुकतं. हे त्यांनी पोरांच्या कितीतरी पिढ्यांना सांगितलं होतं.

"पाणी पाजताय की औषध बनवताय?" ती पलंगावरून म्हणायची.

"बोलू नकोस, हात हलतो."

तहान काय असते ते त्या घरात तिलाच ठाऊक होतं. ओठ कोरडे पडायचे, जीभ टाळूला चिकटायची. नळ वाहायला लागला की ती मान वळवून तिकडे बघत राहायची. मागत मात्र नव्हती. मागितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती मागत नाही हेच शून्यकाकांना सहन व्हायचं नाही.

त्यांचं हे नाव पोरांनीच ठेवलेलं. तापमापी असो, तराजू असो, की दोरा बांधलेला लंबक असो, हात लावण्याआधी त्यांचं एकच पालुपद असायचं: आधी शून्य बघा. ज्यानं शून्य बघितलं नाही त्याचं पुढचं सगळं वाया. एकदा भर रस्त्यात खांद्यावर लेकरू घेतलेला एक दाढीवाला माणूस ओरडला होता, "काका, शून्य बघितलं!" शून्यकाका दिवसभर खुशीत होते.

वजनकाटा घरात आला तेव्हा तेही रोज खाली बसून रिकाम्या काट्याकडे बघत. दीड म्हणजे दीडच. मग गुडघे कुरकुरायला लागले. शिवाय रोज तेच दिसायचं. ओळखीच्या माणसाला कोणी रोज नाव विचारत नाही, तसं त्यांनी हळूहळू बघणं सोडलं. पलंगाखालून पायानं वजनकाटा पुढे ओढायचा, तिला उभं करायचं, दीड वजा करायचं.

सून विमा कंपनीत कामाला होती. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येणारा. म्हणून घर तिच्याच अंगावर होतं आणि ती ते हसतमुखानं ओढत होती. एका सुट्टीच्या दिवशी तिनं खोली आवरायला घेतली. शून्यकाका औषधं आणायला गेले होते. सासू पलंगावर उशीला टेकून तिची लगबग बघत होती. सुनेनं पलंगाखालचा वजनकाटा बाहेर काढला, ओल्या फडक्यानं पुसला, उन्हात धरला. मग तिच्या लक्षात आलं की काटा थोडा पुढे आहे. तिनं तो उलटा केला, चाक चाचपलं, जोर लावून फिरवलं.

"बघा आई, शून्यावर आणला. बाबा एवढं काटेकोर करतात आणि हेच राहून गेलं त्यांचं."

"राहिलं असेल. वय झालं आता," सासू म्हणाली. दोघी हसल्या. मग सून जेवणाचं बघायला गेली आणि ही गोष्ट दोघीही विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा छप्पन्नवर थांबला.

"छप्पन्न, दीड वजा. साडेचोपन्न!" शून्यकाकांनी पुन्हा वाकून बघितलं. "अगं, साडेचोपन्न! नव्या गोळ्या लागू पडल्या. पाणी उतरतंय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच आठवड्यात गोळ्या बदलल्या होत्या, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. इतक्या आनंदात तिनं त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ते खिडकीपाशी गेले, मोजपात्र हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं. माठातून पेला काठोकाठ भरून आणला.

"हा वरचा. हिशेबात नाही."

"खरंच?"

"घे म्हणतो ना. नाहीतर मत बदलेल माझं."

तिनं पेला दोन्ही हातांनी धरला. घोट घोट नाही, सरळ प्यायली, डोळे मिटून. पाणी हनुवटीवरून ओघळलं ते तिनं बोटानं निपटून ओठांना लावलं. नंतरही रोज सकाळी काकांनी तिला तसा एक पेला दिला.

चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, "चप्पल घट्ट होतेय हो."

"वजन पंचावन्न आहे. चप्पल आकसली असेल."

मग तिला एका उशीवर झोप येईना. दोन घेतल्या. "जड वाटतंय आज," ती म्हणाली.

"तुला वाटतंय. छप्पन्नच्या वर एक रेघ गेलेलं नाही." ते रागावले नव्हते, समजावत होते. वाटणं आणि मोजणं यांत कुणावर भरवसा ठेवायचा हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. "तू काट्यावर विश्वास ठेव. मी डोळ्यांत तेल घालून बघतोय."

नवऱ्याच्या मापावर तिनं कधी अविश्वास दाखवला नव्हता.

एका सकाळी तिला पलंगावरून उठवेना. बोलायला गेली की शब्द अर्ध्यात तुटत होता. सुनेनं गाडी बोलावली. दवाखान्यात नर्सनं तिला खुर्चीसकट वजनाला बसवलं, खुर्ची वजा केली आणि म्हणाली, "साडेअठ्ठावन्न."

"नाही, नाही, सत्तावन्न," शून्यकाका म्हणाले. "कालच केलंय मी. सिस्टर, तुमच्या यंत्राचं शून्य बघितलंत का?"

नर्सची रात्रपाळी संपत आली होती, तरी ती चिडली नाही. खुर्ची मोकळी करून तिनं आकडे त्यांना दाखवले. "बघा आजोबा. बरोबर आहे."

शून्यकाका त्या आकड्यांकडे बघत राहिले. साडेअठ्ठावन्न आणि सत्तावन्न. मधला फरक त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

दुपारी तिचे कपडे आणायला ते सुनेबरोबर घरी आले. कपाटाकडे न जाता ते पलंगापाशी गेले, वजनकाटा ओढला आणि एक हात जमिनीला टेकत खाली बसले. गुडघे कडकडले. काटा शून्यावर होता.

"काय झालं बाबा?" सून दारात पिशवी घेऊन उभी होती. "तो मीच शून्यावर आणला, गेल्या सुट्टीला. पुढे सरकला होता. तुमच्या लक्षात आलं नव्हतं वाटतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी सांगितलं होतं तुला, हे वाक्य ओठांवर आलं. त्यांनी वर बघितलं. तिचे डोळे रडून सुजले होते, आणि तरीही आपण एक काम नीट केलं याचं समाधान चेहऱ्यावर होतं. काय चूक होती तिची? काटा शून्यावर नाही हे तिनं बघितलं होतं. घरात ते तिनं एकटीनंच बघितलं होतं. त्यांनी रोज क्षणभर वाकायचं होतं, इतकंच. आणि ते वाकले नव्हते.

"बरं केलंस," ते म्हणाले. "शून्यावरच असायला हवा."

तिनं हात देऊन त्यांना उठवलं.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकटं गाठून विचारलं, "चार दिवस आधी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही हो. हृदयात आता जोरच उरला नाहीये." त्या थांबल्या. "पण आधी आणलेलं केव्हाही बरं."

संध्याकाळी सून चहा प्यायला खाली गेली तेव्हा ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले. नाकात नळी होती, तरी ती सावध होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं: शून्य, चाक, दीड किलो. "तू सांगत होतीस जड वाटतंय. मी तुझं ऐकलं नाही. यंत्राचं ऐकलं."

तिनं मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "चाक फिरवलं तेव्हा मी तिथेच होते. हसले पण." श्वास घेतला. "तिला बोललात का?"

"नाही."

"नका बोलू. कधीच."

"नाही बोलणार."

"जन्मभर मनाला लावून घेईल पोरगी." पुन्हा श्वास. मग तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. सुजलेला, गार. "ते वरचं पाणी मात्र… फार गोड लागलं हो."

शून्यकाकांना रडू आवरलं नाही. शाळेत कधी परीक्षानळी फुटली तरी डोळ्यांची पापणी न हलवणारा माणूस बायकोच्या उशाशी तोंडात रुमाल कोंबून रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

माणसं येत होती, बसत होती, उठत होती. सून प्रत्येकाला तेच सांगत होती. "बाबांनी काही कमी पडू दिलं नाही. थेंब न् थेंब मोजून पाणी दिलं. एक दिवस वजन चुकवलं नाही." लोक माना हलवायचे, कोणी काकांच्या खांद्यावर हात ठेवायचं. ते खाली बघत ऐकून घ्यायचे. ती स्तुती ऐकून घेणं एवढीच शिक्षा त्यांच्या हाती होती, आणि ती त्यांना एकट्यानं भोगायची होती.

मग येणं-जाणं थांबलं. सून पुन्हा कामावर जाऊ लागली. एका सकाळी ती डबा भरून निघाली आणि जाता जाता खोलीत डोकावली. शून्यकाका जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. वजनकाटा पुढ्यात होता. मान इतकी खाली वाकली होती की डोळे काट्याच्या रेषेत आले होते.

"बाबा? काय बघताय?"

"शून्य."

ती आत आली, त्यांच्याशेजारी बसली आणि तीही वाकून बघू लागली. "बरोबर आहे ना? मी फिरवलं तेव्हा नीट दिसत नव्हतं उन्हात."

"बरोबर आहे," शून्यकाका म्हणाले. "अगदी बरोबर आहे. तू नीटच केलं होतंस."

आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी पलंगाखाली सरकवून ठेवला.