दहावीचे टक्के सांगणारा टोप

मोहोपाड्याच्या समाजमंदिरात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आयाबाया पोरांना शाळेच्या गणवेशातच घेऊन आल्या होत्या, कारण बॅनरवर तशी सूचनाच होती : 'गणवेशात मेंदूच्या लहरी शिस्तीत येतात.' स्टेजवर एक खुर्ची, खुर्चीवर निळे दिवे लुकलुकणारा टोप, टोपातून निघालेली जाडजूड वायर आणि शेजारी कोट घातलेले चैतन्य सर.

"मुलांचं नाव सांगू नका. लहरींना नाव नसतं, जात नसते," सर माइकवर म्हणाले. "हा टोप मेंदूची ताकद मोजतो आणि दहावीचे टक्के आजच सांगतो, दशांशासकट."

दशांश ऐकून लोक गार पडले. आजवर एकही देवऋषी दशांशात बोलला नव्हता.

पुढच्याच रांगेत मिलिंद बसला होता, रसायनीच्या एका कारखान्यातला ऑपरेटर. बुवाबाबांचा तर हाडवैरी. राख वाटणाऱ्या एका महाराजाला त्याने कॉलनीच्या गेटावरूनच पिटाळलं होतं. पण राखेला न भुललेला हा गडी वायरीला भुलला. जिथे प्लग तिथे विज्ञान, असा त्याचा भाबडा समज.

शेजारची सोनाली इंग्रजी शाळेतली. ती टाय सावरत खुर्चीत बसली. "शाब्बास बेटा," सर म्हणाले. दिवे नाचले आणि पडद्यावर आकडा आला : ९३.४. टाळ्या पडल्या. मग मिलिंदची जागृती बसली, मराठी शाळेच्या निळ्या-पांढऱ्या ड्रेसमध्ये. "घाबरू नकोस हं," सर म्हणाले. आकडा आला ४८.७.

"मुलगी कष्टाळू आहे, पण मेंदूचा डबा लहान," सरांनी हळहळ व्यक्त केली. "त्यात गणित, विज्ञान कोंबू नका. नाहीतर आमचा मेंदूविस्तार कोर्स लावा."

जागृती नववीत होती, वर्गात गणितात पहिली यायची आणि तिला सायन्सला जायचं होतं. घरी येताच मिलिंदने तिची गणिताची शिकवणी बंद केली. "मशीन खोटं बोलत नाय, बाय. झेपंल तेवढंच करू. दहावी झाली का शिवणक्लास लाव." जागृती त्या दिवशी जेवली नाही.

रविवारी मिलिंदची थोरली बहीण पौर्णिमा आली. ती खालापूरकडच्या एका शाळेत शिकवते. सगळं ऐकून ती म्हणाली, "परवापर्यंत पहिली येणारी पोर कालपासून ढ झाली. चूक पोरीची का टोपाची रं?"

"ताई, ते सायन्स हाय."

"मग तपासून बघू. सायन्सला राग येत नाय."

तिने दोघी पोरींना एकमेकींचा गणवेश घालायला लावला. सोनालीची आई आधी का कू करत होती; मग तीच जागृतीचा टाय बांधायला बसली.

समाजमंदिरात आजही तीच गर्दी. टाय लावलेली जागृती खुर्चीत बसली. "शाब्बास बेटा." ९४.१. मराठी शाळेच्या ड्रेसमधली सोनाली बसली. "घाबरू नकोस हं." ४७.९. अख्ख्या समाजमंदिराने पोरींना ओळखलं; ओळखलं नाही ते फक्त टोपाने. कुजबुज वाढली.

पौर्णिमा स्टेजवर चढली. तिने सोनालीच्या डोक्यावरचा टोप काढून रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि वायरीचा माग काढला. तिचं दुसरं टोक टेबलाखाली टेपने चिकटवलेलं होतं. तेवढ्यात सोनाली रडायला लागली. खेळ आहे हे तिला ठाऊक होतं, तरी आकडा लागायचा तो लागलाच. गोंधळलेले सर सवयीने माइकवर बोलून गेले, "घाबरू नकोस हं."

पडद्यावर रिकाम्या खुर्चीचे टक्के उमटले : ४६.२.

एकच हशा पिकला. पौर्णिमाने स्टेजच्या बाजूचा कापडी पडदा ओढला. मागे सरांचा मेव्हणा लॅपटॉपवर बोटं ठेवून बसला होता.

"शाब्बास ऐकलं की हे नव्वदच्या वरचा आकडा टाइप करतात, घाबरू नकोस ऐकलं की पन्नासच्या आतला," पौर्णिमा माइक घेऊन म्हणाली. "सर डोकं बघतच नव्हते, कपडे बघत होते. बुद्धीच्या खऱ्या चाचण्या असतात. जाणकार त्या नीट वेळ देऊन घेतात, पोर कुठं अडतंय ते शोधायला. मार्कांचा त्यातून अंदाज येतो, पण तो अंदाजच. शिकवलं कसं, घरी अभ्यासाला जागा हाय का, यावरही मार्क ठरतात. दशांशासकट भविष्य सांगतो तो ज्योतिषीच, मग त्यानं कोट घातलेला का असंना."

मिलिंद मान खाली घालून जागृतीपाशी आला. "चुकलो गं मी."

"तो टोपवाला मला मिनिटभर बघत होता, पप्पा," जागृती म्हणाली. "तुमी जन्मापासून बघताय."

तिला घेऊन मिलिंद तसाच शिकवणीच्या सरांकडे गेला. आपल्या पोराच्या बुद्धीचा आकडा कुणी हातावर ठेवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारावं : हा काढला कसा?