खुणेपर्यंत

मॅडमनी जांभळ्या झाकणाची नळी उघडली, मग लाल झाकणाची उघडली आणि पहिलीतलं थोडं रक्त सरळ दुसरीत ओतलं. रक्त त्यांचं स्वतःचंच होतं. पाच मिनिटांपूर्वी ते ताईंनी काढून दिलं होतं, कारण वर्गातल्या इतर कुणाच्या हाती सुई द्यायचा मॅडमना धीर झाला नव्हता.

"असं कधीही करायचं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आज करून दाखवते."

पंचेचाळिशीच्या ताई वर्गातल्या सगळ्यांच्याच ताई होत्या. एकोणीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढण्यात गेली होती आणि आता त्या बायोमेडिकल सायन्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. पदवीशिवाय वरची जागा नाही असा नियम आला, तेव्हा मुलीने हट्टाने त्यांचं नाव घातलं होतं. पहिली दोन वर्षं अर्धंअधिक डोक्यावरूनच गेलं. रासायनिक सूत्रं पाठ करताना नाकी नऊ यायचे. प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र त्यांचा भाव वधारायचा आणि ते त्यांना आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

पाऊण तासाने यंत्रातून कागद आला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. पोटॅशियम नऊ पूर्णांक चार. असायला हवं साडेतीन ते पाच.

"म्हणजे या कागदाप्रमाणे मी आता तुमच्यासमोर उभी असायला नको."

वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एकाने, मग परवाची चाचणी रद्द समजायची का, असंही विचारून घेतलं. मॅडमनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून समजावून सांगितलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध घातलेलं असतं, तो पोटॅशियमचाच क्षार. तो रक्तातलं कॅल्शियमही पकडून ठेवतो. तेव्हा पोटॅशियम आभाळाला टेकलेलं आणि कॅल्शियम तळाला गेलेलं असं एकाच कागदावर दिसलं, तर रोग रुग्णात शोधू नका, नळीत शोधा. यंत्राचा त्यात काही दोष नसतो.

ताईंनी वहीत 'यंत्राचा' एवढं लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं.

नोकरीचा तो दुसरा महिना होता. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या शिरा सापडता सापडत नव्हत्या. जांभळी नळी कशीबशी भरली, लाल अर्ध्यावरच राहिली. पुन्हा सुई टोचायची म्हटल्यावर बाईंनी हात छातीशी धरला. ताईंना दया आली. त्यांनी जांभळीतलं थोडं रक्त लाल नळीत ओतून ते खुणेपर्यंत आणलं आणि दोन्ही नळ्या पाठवून दिल्या. त्यात काही चुकलं असं मनातही आलं नाही. रक्त त्याच बाईंचं तर होतं.

पोटॅशियम नऊ आलं. वॉर्डात धावपळ उडाली, ते उतरवायला भराभर इन्सुलिन गेलं आणि त्यानं बाईंची साखर इतकी घसरली की त्यांना दोन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. बाई वाचल्या. दुसरा नमुना अगदी चांगला आला, मग खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं. यंत्रावर दादा होते, पंचवीस वर्षं त्याच कामावर. ते कागदावर एका ओळीखाली बोट ठेवून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगत राहिले, हे कॅल्शियम बघा, नमुन्यातच गडबड आहे. सरांनी ताईंना बोलावलं. नमुन्यात काही केलंस का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, नाही.

नव्या मुलीवर ढकलतो म्हणून दादांचीच शोभा झाली. त्यांना यंत्रावरून काढून भांडारात बसवलं, हातमोजे नि डबे मोजायला. तिथूनच चार वर्षांनी ते निवृत्त झाले. प्रयोगशाळेत मात्र त्यांचा एक शब्द मागे उरला. आकडा काहीच्या बाही आला की सगळे म्हणायचे, झाली दादागिरी. नवीन येणाऱ्यांना तो शब्द ताईच शिकवायच्या, हसत हसत, सगळ्या गोष्टीसकट.

घरी त्यांनी मुलीला सांगितलं. तिने आधी आईचा हात धरला आणि मग व्यवहाराचं बोलली. एकोणीस वर्षं झाली, कुणाला आठवतंय. निकाल लागला की वरच्या जागेची मुलाखत आहे आणि ती घेणार तेच सर. आता कशाला उकरून काढतेस? ताईंना ते पटलं. पटलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळचं काम संपवून त्या दादांच्या घरी गेल्या.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी ओळखलं आणि आत निघून गेल्या. पाणीही विचारलं नाही. दादा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मिक्सर उघडून बसले होते. त्र्याहत्तराव्या वर्षीही हात स्थिर होते. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे मान हलवली.

ताई खुर्चीवर न बसता खालीच बसल्या. बसमध्ये ठरवलेलं सगळं बोलणं त्या विसरून गेल्या. त्यांनी नळीपासून सुरुवात केली आणि एका दमात शेवटपर्यंत सांगून टाकलं, दादागिरीसकट.

दादांनी पेचकस खाली ठेवला.

"किती ओतलं होतंस?"

"खुणेपर्यंत. चमचाभरही नसेल."

"तरीच नऊ." ते जरा वेळ मनाशी हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला माहीत आहे."

"काय?"

"आपण काय केलं ते. सरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघून 'नाही' म्हणालीस. मी म्हटलं, पोरगी धीट आहे. डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलते."

"मला खरंच कळलं नव्हतं हो, दादा. म्हातारीला पुन्हा टोचायला नको, एवढंच डोक्यात होतं. कुणी शिकवलंच नव्हतं."

"हो. शिकवायला मीच होतो तिथं."

आतल्या खोलीत चाललेला भांड्यांचा आवाज थांबला होता. ताईंना रडू फुटलं आणि त्या रडण्याचाच त्यांना राग आला. चूक आपली, अन्याय या माणसावर, आणि रडतो आहोत आपणच. त्यांनी पदराने तोंड पुसलं. माफ करा, असं म्हणाल्या, आणि ते फारच थोडं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाल्या.

"केलं," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं एका मुलीला खोटारडी समजत आलो, हे त्यांनाही पचवायचं होतं. त्यांनी मिक्सरचं झाकण बसवलं, एक स्क्रू पिळला, दुसरा हातात धरून ठेवला.

"पण मला सांगून काय होणार, पोरी? मला तर माहीतच होतं."

मुलाखत, पदवी, मुलीचं बोलणं, सगळं एकदम ताईंच्या डोळ्यांपुढे आलं. दादांनी ते पाहिलं असावं. उरलेला स्क्रू त्यांनी सावकाश बसवला.

"सर अजून सहापर्यंत थांबतात?"

"थांबतात."

दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग मिळेल तुला पाचची बस," ते म्हणाले.