गारांची जाळी

आमच्या बाबांना आयुष्यात एकच भीती: उद्या काही झालं तर? या प्रश्नापायी त्यांनी सफरचंदाच्या बागेचा विमा उतरवला, ज्यूसच्या कारखान्याशी पाच हंगामांचा करार केला, झाडांवर गारांची जाळी बसवली आणि कागदोपत्री मला भागीदार करून टाकलं. "आता कसं सगळीकडून बंदिस्त झालं!" म्हणाले. झालंच की. आत मी अडकले, एवढंच.

आई गेल्यावर मी एका हंगामापुरती आले होते. शहरात मैत्रिणीनं चष्म्याचं दुकान काढलंय, डोळे तपासायचं काम माझ्यासाठी राखून ठेवलंय. महिनाअखेरपर्यंत ती थांबेल, मग दुसरं कुणी बघेल. तिचं तरी काय चुकलं? इकडे करार मधेच मोडला तर दंडापायी बाग जाईल, आणि बाग गेली तर बाबा हाय खातील. अजून चार हंगाम! सुटायला एकच फट होती, वकिलानं शेवटच्या पानावर ठेवलेली. निम्म्याहून जास्त पीक निसर्गाच्या कोपानं गेलं, तर करार रद्द. विम्याचे पैसे येतील, बाबा निवांत बसतील, मी दुकानात. म्हणजे माझी सगळी भिस्त गारांवर.

परवा दुपारी मोबाइलवर गारांचा इशारा आला. मी मनातल्या मनात उडी मारली.

"अगं बघतेस काय? जाळी ओढ!" बाबा ओरडले.

ओढणं भाग होतं. इशारा मिळूनही जाळी उघडी राहिली, तर विमावाले दमडीसुद्धा देत नाहीत. मी हँडल फिरवायला लागले. हाताला फोड आले. गारा पडू देत, पडू देत, असं पुटपुटत गारांची जाळी ओढणारी दुसरी कुणी बाई असेल, तर मला तिला एकदा भेटायचंय. लिंबाएवढ्या गारा आल्या तर ही जाळी टिकणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काम उरकून आम्ही दोघं पॅकिंगच्या शेडमध्ये उभे राहिलो. आभाळ काळंठिक्कर. पत्र्यावर एक गार पडली. मग दुसरी. ये गं बाई, ये, मी म्हटलं. आणि आवाज सरकला. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या बागेवर नुसता भडिमार! आमच्याकडे चार शिंतोडे पडले आणि ऊन आलं.

शेजारच्या काकांना सगळे भोंगा म्हणतात. ते कुंपणाशी येऊन कपाळ बडवत ओरडले, "माझं सगळं झोडपलं हो! तुमचं पान हललं नाही! नशीब लागतं, नशीब!"

मी तोंड फिरवलं. लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

"गारांची वाट बघत होतीस ना?" बाबांनी हळूच विचारलं.

आता लपवून काय उपयोग? "हो," मी म्हटलं. "जाळी ओढतानासुद्धा."

ते उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. पंच्यानं मान पुसली.

"मीपण," ते म्हणाले.

"काय?"

"तुझी आई गेल्यापासून या बागेत मन लागत नाही माझं."

माझं डोकंच फिरलं. "मग करार कशाला केलात? मला भागीदार कशाला केलंत?"

"तू आलीस. मला वाटलं, तुला बाग हवीय. म्हटलं, उद्या मला काही झालं तर पोरीचं नुकसान नको. तू तरी सही का केलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून!"

हसावं की एकमेकांना बदडावं, कळेना. बाहेर अर्धवट लाल झालेली फळं लटकत होती, एकालाही ओरखडा नाही.

"जाळी गुंडाळायला हवी," बाबा उठत म्हणाले. "ऊन मिळालं नाही तर फळं रंग धरणार नाहीत."

दोघांनाही नकोशी असली, तरी बाग दंडात घालवली तर बाबा म्हातारपणी खाणार काय? मी मैत्रिणीला कळवलं, माझी वाट बघू नकोस. मग जाऊन हँडल उलटं फिरवायला लागले.