चालवून न पाहता नाकारलेली

तुम्ही जागा भरत नाही, तुम्ही ती रिकामी ठेवता, आणि वर दर खेपेला जाहिरात देऊन आमच्या तोंडाला पानं पुसता. मोठ्या खुर्चीवरच्या साहेबांनो, आरोप तुमच्यावरच आहे. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. वाचकहो, शहापुरातल्या एका कचेरीत काय घडलं ते ऐका.

टंकलेखकांच्या भरतीची चाचणी होती. त्यात एक जागा दृष्टिहीनांसाठी राखीव. व्यवस्था सापगावच्या सुदाम कारकुनाकडे. म्हसा गावची दिपिका एस.टी. बदलत एकटी आली होती. पदवीधर, जन्मापासून दृष्टी नाही. पुढच्या जाहिरातीपर्यंत तिचं वय उलटणार, म्हणजे ही शेवटचीच संधी.

पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय सुदामनं संगणकात आठवणीनं करून ठेवली होती. स्वतःवर खूशही होता गडी. आणि मग त्यानं इतरांसारखाच छापील उतारा तिच्याही हातात दिला.

दिपिकानं कागद चाचपला. "दादा, संगणक बोलतोय, पण ह्यो कागद मुका हाय. वाचून कोण दाखवल?"

हे सुदामच्या डोक्यातच आलं नव्हतं. उतारा वाचून दाखवू का, हे विचारायला तो साहेबांकडे धावला.

"नियमात बसत नाही," साहेब मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "'चाचणी देऊ शकली नाही' असा शेरा मार. योग्य उमेदवार मिळाला नाही, विषय संपला. गेल्या खेपेला काय केलं होतं?"

गेल्या खेपेलाही हेच केलं होतं.

सुदाम परतला. "ताई, राहू द्या. कशाला उगाच तरास? तुमाला अपंगांचं पेन्शन मिळत असंल ना?"

"मिळतं. म्हणून जन्मभर ओटीवर बसू?" दिपिकाची बोटं टेबलावर अस्वस्थ वाजत होती. "दादा, आमच्या म्हशाच्या बैलांच्या जत्रेला येता का कधी?"

"दरसाल येतो."

"मग बघितलंच असंल. बैल घेणारा दात बघतो, चालवून बघतो, मग नको म्हणतो. मी बैल नाय, पण तेवढा तरी मान द्या. मला चालवलंच नाय, आन् चालत नाय म्हणून लिवता?"

सुदामच्या ध्यानात आलं. मघापासून तो तिची कीव करत होता आणि तिची वाटही अडवत होता! तो पुन्हा आत गेला.

"साहेब, उतारा मी वाचतो. नसेल वाचू द्यायचा, तर 'चाचणी घेतलीच नाही' असं लिहितो. 'देऊ शकली नाही' हे खोटं माझ्या हातून होणार नाही."

"नोकरी नकोशी झालीय का रे?"

"मला हवीय, साहेब. तिलाही हवीय."

बाहेर उमेदवार कान देऊन बसले होते. साहेबांनी हात झटकला. "वाच बाबा."

सुदामनं वाचलं, तिनं टंकलं. चुका झाल्या. डोळस उमेदवारांच्याही झाल्या होत्या. ती पास झाली, चारचौघांसारखी.

बंधूंनो, भगिनींनो, आंधळ्या माणसाला तुमची दया नको आहे आणि त्यानं चमत्कार करून दाखवावा हेही नको आहे. बाकीच्यांना मिळते तशी चाचणी त्याला द्या, त्याला देता येईल अशा रीतीनं द्या, आणि मग खुशाल पास-नापास ठरवा.

दिपिकाच्या नेमणुकीवर अजून सही झालेली नाही. ती पास आहे, जागा रिकामी आहे. साहेब, मग अडलंय कुठे? उत्तर द्या, आणि लेखी द्या.